त्रासखुर्ची

बसून लिहितो आहे, एवढं आधी सांगतो. किती वेळ बसेन ते सांगत नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी माझ्या सगळ्या तक्रारी ऐकल्या, डोळ्यांत बॅटरी मारली आणि औषध लिहून दिलं नाही. हा अपमान तुम्हाला कळायचा नाही. रामनगरात माझं मेडिकल आहे. जोयडा तालुक्यातले निम्मे खोकले मी आवाजावरून ओळखतो. अशा माणसानं बेळगावला जायचं, दवाखान्याच्या बाकावर बसायचं, म्हणजे सारखं उठायचं आणि परत बसायचं, आणि शेवटी चिठ्ठीशिवाय घरी यायचं. आचाऱ्याला पंगतीतून उपाशी उठवावं तसं झालं.

तक्रार साधी होती. मला बसवत नव्हतं. जेवताना उठायचो. टीव्ही बघताना फोन बघायचो, फोनवर एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा लावायचो, तो लागला की फ्रीज उघडायचो आणि उघडल्यावर कशाला उघडला ते विसरायचो. गिऱ्हाईक पोटात कुठं दुखतंय ते दाखवत असे, आणि मी काउंटरखाली क्रिकेट. झोप नाही. चिडचिड. सोफ्यावर लोळून लोळून दमायचो आणि दमलो म्हणून परत लोळायचो.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत एक तराजू आहे असं समजा. एका पारड्यात सुख, दुसऱ्यात त्रास. तुम्ही दिवसभर सुखाच्या पारड्यात चिमूट चिमूट टाकत असता. मेंदूला तोल लागतो, म्हणून तो दुसऱ्या पारड्यात आपणच वजन ठेवतो. ते वजन म्हणजे ही तळमळ. आता उलट करून बघा. त्रास आपण होऊन घ्या. थोडा, रोज, ठरवून."

"किती मिलिग्रॅम?" मी विचारलं.

डॉक्टर हसले. मी हसलो नाही.

(उठलो. पाणी प्यायलो. आलो.)

कुठे होतो? त्रास.

रामनगरात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती मेडिकलात बोलू नये. माझी तर पंचाईतच, मी दिवसभर तिथेच असतो. पहिले आले ते शेजारचे गुणा. हे कॅसलरॉक स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. निवृत्त झाले, पण जगातल्या प्रत्येक अडचणीला ते अजून रेल्वेच्या बाजूनेच येतात.

"तरास पायजे न्हवं? मग चपलंत खडी घाल. रुळाखालची. आमच्या कॅसलरॉकची खडी म्हंजे एकेक दाणा सुरीवानी."

दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून आणलीच. मी घातली. घरापासून दुकानापर्यंत लंगडत गेलो. वाटेत ज्यानं त्यानं विचारलं, काय झालं. मेंदूचं आरोग्य, असं भर बाजारात कसं सांगणार? पाय मुरगळला म्हणालो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मेडिकलवाल्याला स्वतःचा पाय बरा करता येईना, आणि गुडघेदुखीची दोन जुनी गिऱ्हाइकं बसस्टँडजवळच्या दुसऱ्या दुकानात गेली.

बायको, सावित्री, म्हणाली, "त्रासच पायजे तर भांडी घासा की."

मी तिला समजावलं की हा त्रास शास्त्रीय असावा लागतो. ठरवून घेतलेला.

"भांडी काय आपोआप घासली जात्यात? मीबी ठरवूनच घासते. लग्न झाल्यापासनं. मग माझा मेंदू एव्हाना लईच चांगला असाय पायजे."

"असेल," मी म्हणालो.

"हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी स्वतःच विचार केला. माझ्या सुखाला एक पत्ता होता: सोफा. मऊ, बदामी रंगाचा. माणूस त्यात बसत नाही, बुडतो. फोन, टीव्ही, चिवडा, सगळं तिथेच चालायचं. आता नियम असा: हे सगळं करायचं, पण एका अत्यंत गैरसोयीच्या खुर्चीवर बसून. सुख आणि त्रास एकाच वेळी, एकाच बुडाला. पारडी समान. एवढी सुटसुटीत युक्ती डॉक्टरांना का सुचली नाही याचंच मला नवल वाटलं.

आता आप्पांचं. हे खरं तर आधी यायला हवं होतं, पण त्या दिवसांत माझं त्यांच्याकडे लक्षही असंच उशिरा जायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील, परशुराम. सगळं आयुष्य नंदिगड्ड्याला भातशेतीत गेलं. मागच्या वर्षी बांधावर चक्कर येऊन पडले, तेव्हा मी त्यांना रामनगरला आणलं. एकटं ठेवू नका, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण आमच्याकडे आल्यापासून आप्पा उभे. सकाळी दाराच्या चौकटीला एक हात लावून उभे, दुपारी खिडकीपाशी उभे. दमले की खोलीत जाऊन आडवे. मी दुकानात कौतुकानं सांगायचो, "या वयात दिवसभर उभे असतात. जुनी हाडं."

आणि आप्पा म्हणत होते, "पेरणीआधी मी नंदिगड्ड्याला जातो."

"का?"

"जातो."

तिथे घरात चुलतभाऊ लखू असतो, पण तो दिवस उजाडला की जंगलाच्या कामावर. आप्पा परत पडले तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळणारसुद्धा नाही. मला धास्ती वाटायची, आणि धास्ती वाटली की मी वस्तू आणतो. भजनाचं चॅनेल घेतलं. पाय ठेवायला मऊ गोल स्टूल आणलं. दोन उशा. "सोफ्यावर बसून बघा की निवांत," म्हणालो. एकदा बसले. मग उठता येईना. गुडघे कानाशी आले. एक हात मी धरला, एक सावित्रीनं, आणि चिखलात रुतलेलं चाक काढावं तसं त्यांना वर ओढलं.  ते परत सोफ्याकडे गेले नाहीत. मी निष्कर्ष काढला की त्यांना भजनाचं चॅनेल आवडलं नसावं.

त्यांच्याकडे एक म्हशीची गोष्टही आहे. आमची म्हैस जंगलात हरवली आणि तिला वाघानं नेलं, ती. मी लहानपणापासून ऐकतो आहे. ती सुरू झाली की मला दुकानात काहीतरी काम निघतं.

(उठलो. दाराची कडी लागली आहे का बघितलं. लागली होती.)

खुर्ची. रामनगरचे सुतार प्लायवूड आणि फोमशिवाय बोलत नाहीत. म्हणून मी नंदिगड्ड्याच्या लाडूकडे गेलो. लाडू सुताराला स्वतःविषयी फार चांगलं मत आहे. त्यानं केलेला पलंग बघून एका नवरीच्या आईला रडू आलं होतं, ही हकीकत तो ओळख करून देतानाच सांगतो. लाकडाचं मी लखूला विचारलं.

लखू म्हणाला, "ओसरीवर ते बाकडं पडलंय की. किंदळीचं. कोण बसतंय आता त्याच्यावर? ने."

किंदळ म्हणजे दगडासारखं लाकूड. मी खूश. आप्पांना विचारलं नाही. घरातल्या बाकड्यासाठी कोण कुणाची परवानगी काढतं?

"पाठ एकदम सरळ कर," मी लाडूला म्हणालो. "भिंतीसारखी."

"दुखंल."

"दुखायलाच पाहिजे. बैठक उंच कर. पाय जमिनीवर आरामात टेकता कामा नयेत."

"आणि हात?"

"जाड, पुढपर्यंत. मऊ काही नको. वजनदार कर, इकडंतिकडं सरकवता येता कामा नये."

लाडूनं रंधा खाली ठेवला. "वासूअण्णा, ह्याच्यात बसवायचं कुणाला हाय? चोराला?"

"मला."

तो माझ्या जवळ सरकला. मग आवाज उतरवून म्हणाला, "वैनी लई चिडल्यात काय?"

खुर्ची तयार झाल्यावर बसून बघितलं. थोड्याच वेळात पाठ बोलू लागली, मांड्यांना मुंग्या आल्या. इतका आनंद मला सोफ्यावर कधी झाला नव्हता. मग काळजीत पडलो, की हा आनंद आता कुठल्या पारड्यात धरायचा.

"कुणी केली म्हणून विचारलं तर माझं नाव सांगू नका," लाडू म्हणाला. मी खुर्ची गाडीच्या टपावर बांधली आणि निघालो.

आणि ज्या तालुक्यात काडी हलवायची तरी जंगलखात्याचा पास लागतो, त्या आमच्या तालुक्यात राहूनही मी पासाशिवाय लाकूड टपावर घालून, वर लाल दोरीनं बांधून, राजरोस निघालो होतो.

चेकपोस्टवर दांडा खाली आला. सुदेश नावाचा गार्ड बाहेर आला.

"पास?"

"ही खुर्ची आहे."

"दिसालीय की. लाकूड कुठलं?"

"घरचं. जुनं."

"जुनं म्हणून कोण सांगणार? खुर्ची तर नवीन हाय." खाली उतरवायला लावली. चारी बाजूंनी बघितली. मग तपासणीचा भाग म्हणून तो तिच्यात बसला.

बसला, आणि पाठ टेकली. डोळे मिटले. चौकीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय विटेवर होता, ते मला तेव्हा दिसलं.

"अण्णा," डोळे न उघडता तो म्हणाला, "माझी पाठ सहा महिन्यांत पयल्यांदा सरळ झाली."

खुर्ची जप्त झाली. पंचनामा लिहून त्यानं सहीला पुढे केला. मी वाचला: एक आरामखुर्ची.

"हे चूक आहे," मी म्हणालो. "ही आरामाच्या विरुद्ध आहे."

"मग काय लिवू?"

"त्रासखुर्ची."

"तसलं काय ल्ह्यायची सोय न्हाई. आणि मी बसून बघितलंय अण्णा, खोटं कसं लिवू?"

मी सही केली नाही. माणसाला काही तत्त्वं असतात. सुदेशनं सांगितलं, खुर्ची पाहिजे तर दोन गोष्टी करा: ह्यावर सही, आणि लाकडाच्या मालकाला घेऊन या. लाकूड आपल्या घरचं जुनं आहे असं त्यानं समोर येऊन सांगायचं.

मालक म्हणजे आप्पा.

मग चकरा सुरू झाल्या. ऑफिसात गेलो, ते म्हणाले चेकपोस्टवर विचारा. चेकपोस्टवर गेलो, ते म्हणाले साहेब रजेवर. आणि प्रत्येक वेळी माझ्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं असे. एकदा बसचा कंडक्टर, एकदा पासासाठी थांबलेला लॉरीवाला, एकदा रजेवरचे साहेब.

"जप्त मालावर बसतात?" मी सुदेशला विचारलं.

"बसत न्हाई अण्णा. माल नीट हाय का बघालोय."

घरात माझी अवस्था आधीपेक्षा वाईट. त्रास घ्यायची सोय नाही, म्हणून सोफ्यावर बसून त्या त्रासाची वाट बघायचो. गुणा रोज येऊन सांगत, की रेल्वेत जप्त माल सोडवायची पद्धत वेगळी आहे. आणि आप्पांनी हिरवी पत्र्याची ट्रंक बाहेर काढली. दोन धोतरं, स्वेटर, पानाचा डबा. मी आणलेल्या उशा त्यांनी घडी घालाव्या तशा एकावर एक ठेवल्या आणि तिथेच सोडल्या.

"थांबा म्हणून एकदा सांगा तरी मामांना," सावित्री म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते.

मी गेलो. आप्पा चौकटीला धरून उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. मग म्हणालो, "आप्पा, तिथं रेंज नाही."

"मला कुणाला फोन करायचाय?" आप्पा म्हणाले.

(उठलो. या जागी उठणारच होतो. आलो.)

निघालो. ट्रंक मागच्या सीटवर, आप्पा पुढे, सावित्रीनं दिलेली लोणच्याची बरणी माझ्या आणि त्यांच्या मध्ये. मला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, जाऊ नका. दुसरी, तुमचं बाकडं मी कापून टाकलं आहे. दोन्ही घशात एकमेकांना वाट देत बसल्या. गणेशगुडीच्या पुढे आप्पांनी म्हशीची गोष्ट काढली. मी रेडिओ लावला. त्यात नुसती खरखर होती, तरी चालू ठेवला.

चेकपोस्टचा दांडा आला. गाडी पुढे काढावी असं मनात होतं, पण सुदेशनं काचेतून आत बघितलं.

"आणलासा काय मालकाला? बरं केलासा. आज्जा, या की खाली. तुमचं लाकूड हाय म्हणत्यात."

"कसलं लाकूड?" आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी लोणच्याच्या बरणीकडे बघितलं.

आप्पा उतरले. सावकाश खुर्चीपर्यंत गेले. समोर उभे राहिले. मग खुर्चीच्या उजव्या हातावर बोट फिरवत गेले. तिथे लाकडात एक छोटा खळगा होता. वर्षानुवर्षं त्याच जागी चुन्याची डबी ठोकून पडलेला.

"हे माझं बाकडं," ते म्हणाले.

"घरचं न्हवं?" सुदेशनं विचारलं. "जुनं?"

"माझ्या बापानं आणलेलं किंदळ. कुणी कापलं?"

"लाडूनं," मी म्हणालो.

"लाडूला सांगितलं कुणी?"

एक लॉरी हॉर्न वाजवत होती. ती बराच वेळ वाजत राहिली तर बरं, असं मला वाटलं. ती थांबली.

"मी," मी म्हणालो. "मला वाटलं, कुणी बसत नाही त्यावर."

"मी हितं हाय म्हणून बसत न्हाई," आप्पा म्हणाले. "मी चाललो होतो कशाला मग? तुझ्याकडं माणसानं बसायचं कुठं? ते मऊ जनावर गिळतंय. खाली बसलो तर उठवत न्हाई. उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन माझं पाय सुजल्यात." त्यांनी धोतर थोडं वर केलं. सुजले होते. औषधाचं दुकान असलेल्या माणसाच्या घरात, सगळ्यांच्या समोर, दिवसभर उभं राहून सुजले होते.

सुदेश म्हणाला, "आज्जा, आधी बसा तरी."

आप्पांनी दोन्ही जाड हात धरले, वळले आणि बसले. बैठक उंच, म्हणून गुडघे फारसे वाकवायला लागले नाहीत. पाठ भिंतीसारखी, म्हणून टेकली. खुर्ची हलली नाही. मी जे जे त्रासाचं म्हणून सांगितलं होतं, ते एकेक त्यांच्या अंगाला जाऊन बसलं.

"बाकड्याला पाठ न्हवती," ते म्हणाले. "ही लावलीस ते बरं केलास."

सुदेशनं चहा मागवला. लॉरीवाला उतरून जवळ आला. आप्पांनी म्हशीची गोष्ट काढली. मी आत जाऊन पंचनाम्याच्या कागदापाशी उभा राहिलो. एक आरामखुर्ची. बाहेरून हसण्याचा आवाज आला, सुदेशचा, लॉरीवाल्याचा आणि आप्पांचा. म्हशीला वाघानं नेलं यात हसण्यासारखं काय आहे, ते मला कळेना.

मी सही केली.

खुर्ची टपावर चढवताना सुदेशचा चेहरा बघवत नव्हता. "अण्णा," तो म्हणाला, "बाकड्याचं एखादं फळकूट उरलंय काय?"

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली आणि थांबलो. डावीकडे नंदिगड्डे, उजवीकडे रामनगर. दोन गोष्टींपैकी एक तर त्यांना कळली होती. दुसरी राहिली होती. तोंडून निघेना. "कुठं जायचं?" एवढंच विचारलं.

आप्पांनी मान वाकवून टपाकडे बघितलं. "ती कुठं चाललीया?"

"रामनगरला."

"मग मी एकटा नंदिगड्ड्याला जाऊन कशावर बसू?"

दांडा वर गेला.

आता खुर्ची आमच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी असते. आप्पा सकाळपासून तिच्यात. गुणा येतात, सोफ्यावर बसतात, बुडतात, आणि उठायच्या वेळी आप्पा मोठ्या करमणुकीनं बघतात. रेल्वेत असले सोफे नव्हते, असं गुणा खालून सांगतात. सावित्री म्हणते, "ह्या घरात दोघं बसत न्हवते. एकाला बसवत न्हवतं, एकाला बसायला मिळत न्हवतं. आणि दोघांचा बंदोबस्त मात्र मी करायचा." तिची भांडी रात्री मी घासतो. शास्त्रीय आहे की नाही ते मी आता विचारत नाही.

माझा डोस वेगळाच निघाला. सोफ्यावर बसलं की आप्पांचं बोलणं डोक्यावरून जातं, म्हणून ते म्हणतात, "खाली बस. हितं." मग मी खुर्चीच्या पायाशी फरशीवर बसतो. डॉक्टरांनी फोन करून कळवायला सांगितलं होतं, तेव्हा मी कळवलं.

"काय त्रास घेता?" त्यांनी विचारलं.

"म्हैस. दिवसातून एकदा, जेवणानंतर."

त्यांनी बहुतेक हे लिहून घेतलं.

गोष्ट म्हशीच्या आईपासून सुरू होते. मग म्हशीचा स्वभाव येतो. मग ती कुठल्या पायवाटेनं गेली. खिशात फोन थरथरतो. पाय बधिर होतो. म्हैस जंगलात शिरते, आणि इथेच मी आजवर प्रत्येक वेळी उठत आलो आहे. शाळेत असताना, कॉलेजात असताना, लग्न झाल्यावर. काल दुपारीही गुडघ्यावर हात ठेवला.

आप्पा थांबले. बघत राहिले, मी उठतो का ते.

मी हात काढला. पाय दुसऱ्या बाजूला दुमडला.

"तर पंधरवड्यानं," आप्पा म्हणाले, "मी गोठा झाडालोय, आणि मागनं कोण तर हुंगतंय."

"कोण?"

"कोण म्हंजे? म्हस."

"तिला वाघानं नेलं ना?"

"वाघ कुठनं आला? तू उठून जायचास, त्यानं तुझा तूच वाघ घातलास." आप्पांनी पाठ खुर्चीला टेकली. "ती परत आली. आपल्या पायांनी. आणि येताना एक रेडकू घेऊन आली. कुणाचं ते आजवर तिनं सांगितलं न्हाई."

मी हसलो. चेकपोस्टवर हसत होते ते हेच. खिशात फोन परत थरथरला आणि थांबला.

"मग?" मी म्हणालो.